थंड हवेची मोटार

बोईसर स्टेशनजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी आणि माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, असे दोघं मिळून गाड्या दुरुस्त करायचो. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं, त्यामुळे ट्रक आणि जीपना तोटा नव्हता. भावोजी समुद्राकाठच्या गावचे, होडीच्या इंजिनावर हात बसलेला. मी मुंबईत दोन वर्षं फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात काढली होती. थंड करणाऱ्या यंत्रातलं मला सगळं कळतं असा माझा समज होता. भावोजींचाही.

एका एप्रिलात एका ठेकेदाराची जुनी अमेरिकन मोटार आली. परदेशी इंजिनिअरांची ने-आण करायला त्याने ती मुंबईहून आणली होती. आत थंड हवेचं यंत्र. तक्रार एवढीच, की दहा मिनिटं गार हवा येते, मग नुसती भट्टी.

आधी पट्टा पाहिला. ढिला होता, ताणला. फरक नाही. पुढच्या जाळीत खारा वारा आणि सिमेंटची धूळ मिळून थर धरला होता. भावोजींनी उकिडवं बसून दात घासायच्या ब्रशने तो काढला. दहाची पंधरा मिनिटं झाली, बस्. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन चालवून बंद केलं आणि मी नळ्यांच्या सांध्यांना साबणाचा फेस लावला. रेडिएटरपाशी एका सांध्यावर बारीक बुडबुडे आले.

"सापडलं," मी म्हणालो. "गॅस इथून गेलाय. सांधा खोलू."

"इंजिन आताच बंद केलंय. जरा थांबूया काय?" भावोजी म्हणाले.

"आत उरलंय काय? तुमी फक्त नळी धरा."

बुडबुडे येतात म्हणजे आत दाब आहे, हे मला दुकानात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पण ठेकेदाराचा ड्रायव्हर दारात उभा होता, आणि मला त्याच्यासमोर हुशारी दाखवायची होती. भावोजींनी पान्याने नळी धरली, नीट दिसावं म्हणून तोंड खाली नेलं. मी नट फिरवला.

फस्सकन आवाज झाला. भावोजी ओरडले नाहीत. मागे सरकून बसले आणि म्हणाले, "काय नाय. गार लागलं."

त्यांच्या डाव्या पापणीवर पांढरं दव गोठलं होतं. मी घागरभर पाणी डोळ्यावर ओतलं. त्यांच्या बोटांची कातडी मेणासारखी झाली होती. डोळा उघडला तेव्हा बुबुळावर दुधासारखी साय आलेली.

त्याच मोटारीतून त्यांना पालघरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोळा धुतला, पट्टी बांधली आणि मुंबईला न्यायला सांगितलं. मुंबईत तीन आठवडे गेले. उजवा डोळा वाचला, डावा गेला.

बहीण पहिल्याच दिवशी पालघरला धावत आली. तिच्या साडीला सुक्या बोंबलांचा वास होता.

"कसं झालं?" तिने मला विचारलं.

"नळी जुनी होती. आपोआप फुटली."

खाटेवर भावोजी जागे होते. त्यांनी ते ऐकलं.

एका डोळ्याने त्यांना बारीक काम जमेना. अंतर चुके, पाना नटावर बसायच्या ऐवजी बाजूला जाई. वर्षभराने ते गावी परतले. समुद्रावर त्यांना कुणी नेईना, म्हणून बायकांबरोबर बांबूंवर मासळी वाळत घालू लागले. मी शेड बंद करून सालवडच्या एका वर्कशॉपात नोकरी धरली. गॅसच्या यंत्राला पुन्हा हात लावला नाही.

बऱ्याच वर्षांनी एकदा त्यांच्या ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "भावोजी, ती नळी..."

"तू नट फिरवलास ते मला दिसलं होतं," ते म्हणाले. "या डोळ्याने शेवटचं तेच दिसलं."

"मग बोलला का नाय?"

"तिला माहेर म्हणून तू एकटाच हायस."

पुढे त्यांनी विषय बदलला. होड्या अजून आल्या नाहीत, असं काहीतरी.

आता भावोजी नाहीत. बहीण आहे. भाऊबीजेला मी जातो. ओवाळताना ती माझ्या तोंडाकडे बघते, आणि मी खाली ताटाकडे बघत बसतो.