नऊ नंबरच्या बाई

आमच्या कारखान्यात त्यांना सगळे 'नऊ नंबरच्या बाई' म्हणतात. कार्यालयाच्या बोळाच्या टोकाला नऊ क्रमांकाची खोली आहे. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या पडलेल्या असत. कामगारांना मनातलं बोलायला कुणीतरी हवं म्हणून कंपनीने मानसशास्त्रज्ञ नेमायचं ठरवलं, तेव्हा मी ती खोली रिकामी करून दिली. प्रशासन माझ्याकडे आहे. शिक्षण वाणिज्य शाखेचं, नोकरी सदतीस वर्षांची, आता सात महिने उरलेत.

बाई पन्नाशीच्या आतबाहेर, बुटक्या, जमिनीकडे बघत भरभर चालणाऱ्या. आल्या दिवशी त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. दाराच्या काचेवर लावायला जाड कागद, बोळात ठेवायला एक जुना पंखा, आणि दुसरी किल्ली कुणाकडेच नसलेलं कपाट. पंखा आवाज करणाराच हवा होता. तो घरघरला की आतलं बोलणं बाहेर ऐकू येत नाही. किल्लीवर मात्र मी अडलो.

"बाई, उद्या तुमची किल्ली हरवली तर?"

"तर कपाट फोडा. पण माझ्यासमोर."

बाईंची एक सवय मला खटकत असे. जेवणाच्या हॉलमध्ये त्या कुणालाही ओळख दाखवत नसत. काल तासभर समोर बसलेला माणूस आज ताट घेऊन शेजारून गेला तरी यांची मान वर होत नसे. एवढं शिकून साधी माणुसकी नाही, असं मला वाटे. एकदा मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "मी आधी हसले, की शेजारचा त्याला विचारणार, तुझी आणि बाईंची ओळख कशी? त्यांनी हाक मारली, तर मी बोलते."

घरी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "यांना आपल्या इमारतीत राहायला आणा. इथे मला शिंक आली की तिसऱ्या मजल्यावर काढा उकळतो."

आता माझ्या चिठ्ठीबद्दल. कामाची पाळी चालू असताना कामगाराला जागा सोडायची असेल, तर मुकादमाच्या सहीची चिठ्ठी लागते. तिचा नमुना मीच केला होता. नाव, वेळ, कुठे जाणार, परत कधी. चिठ्ठ्या संध्याकाळी माझ्याकडे येत आणि मी त्या तारखेवार लावून ठेवत असे. बाईंनी मला तीनदा लेखी कळवलं, की 'कुठे जाणार' इथे फक्त 'कार्यालय' असं लिहू द्या, खोलीचा क्रमांक नको. मी तीनदा लेखीच नकार दिला. "बाई, कार्यालयात नऊ खोल्या आहेत. माणूस शोधायचा झाला तर कुठे शोधायचा?"

मग गेल्या महिन्यातला तो सोमवार उजाडला. मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. दुसऱ्या एका कारखान्यात मन थाऱ्यावर नसलेल्या कामगाराच्या हातून अपघात झाल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. ते बाईंना म्हणाले, "तुमच्याकडे कोण कोण येतं त्याची यादी द्या. असली माणसं मला यंत्रांवर नकोत."

"यादी मिळणार नाही," बाई म्हणाल्या.

"तुमचा पगार कंपनी देते."

"हो, पण ती माणसं बोलतात ती माझ्यापाशी. कुणाच्या जिवाला धोका दिसला असता, तर तुम्ही विचारायच्या आधी मी येऊन सांगितलं असतं. यंत्र चालवायला कोण योग्य आहे हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. माझ्या खोलीत कोण येऊन गेलं, यावरून ते कळत नाही."

साहेब माझ्याकडे वळले. "तुमच्याकडे चिठ्ठ्या असतील ना?"

"आहेत की, तारखेवार," मी म्हणालो.

सदतीस वर्षांची सवय. कागद मागितला की तो माझ्याकडे असतो, याचा मला अभिमान. शब्द तोंडातून गेल्यावर मी बाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही, घरातल्याच माणसाने दाराची कडी काढून चोराला आत घ्यावं, तसं. तरी वीस मिनिटांत यादी साहेबांच्या टेबलावर होती. सात नावं. अक्षर माझंच, सुवाच्य.

दुसऱ्या दिवशी त्यातल्या पहिल्या माणसाला क्रेनवरून उतरवून फाटकावर पोती मोजायला बसवलं. त्यांना सगळे 'वरचे काका' म्हणतात, कारण वीस वर्षं ते क्रेनच्या केबिनमध्ये, सगळ्यांच्या डोक्यावर.

दुपारी भरल्या हॉलमध्ये काका बाईंच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"बायको गेल्यापासून घरी भिंतींशी बोलत होतो, म्हणून माणसाशी बोलायला तुमच्याकडे आलो. भिंत बरी होती बाई. तिने कुणाला सांगितलं नाही."

बाईंनी काकांकडे पाहिलं, पण तोंड उघडलं नाही. काका निघून गेले. मागून कुणीतरी म्हणालं, "नऊ नंबरची खोली कसली, चावडी आहे ती."

मी बाईंना बोळात गाठलं. "तुम्ही का नाही म्हणालात, की 'मी नाही सांगितलं'? काकांचं नाव तर माझ्या चिठ्ठीवरून—"

"कोण काका?" बाई म्हणाल्या.

त्या माणसाने शंभर जणांसमोर स्वतःच सांगितलं होतं. चिठ्ठी मी डोळ्यांनी पाहिली होती.

"ते काय सांगतील, तो त्यांचा हक्क," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी 'नाही सांगितलं' म्हटलं, तरी 'आले होते' एवढं बोलून जाते. माझ्याकडे कोण येतं, कोण नाही, हे मी तुम्हालाही सांगणार नाही."

त्यांची अब्रू चव्हाट्यावर आली होती, आणि स्वतःला वाचवण्यापुरतंही एक वाक्य त्या बोलायला तयार नव्हत्या. मी कपाटाच्या दुसऱ्या किल्लीसाठी भांडलो होतो. खरं कुलूप कुठे होतं, ते मला त्या बोळात कळलं.

मी तडक फाटकावर गेलो. काकांना सगळं सांगितलं, चिठ्ठी, यादी, माझं अक्षर. त्यांनी पोत्यांची वही मिटून बाजूला ठेवली.

"मग मी बाईंना उगाच बोललो," ते म्हणाले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

साहेबांकडे मी यादी परत मागितली. ते हसले. यादी अजून त्यांच्या खणात आहे. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या असं मी लेखी दिलं, आणि तीन आठवड्यांनी काका पुन्हा वर चढले. यादीतल्या बाकी सहांपैकी दोघांनी नोकरी सोडली. उरलेले बोळात फिरकत नाहीत.

केबिनमधून उतरून काका पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा बाई मान खाली घालून जेवत होत्या. काका समोर जाऊन थांबले.

"नमस्कार बाई."

बाईंनी मान वर केली. "नमस्कार काका. बसा ना."

चिठ्ठीचा नमुना मी बदलला आहे. परवा काकांची चिठ्ठी आली. कुठे जाणार, तर 'कार्यालय'. कार्यालयात नऊ खोल्या आहेत. मी चिठ्ठीवरची वेळ तेवढी तपासली.