छातीचे फोटो जपणारे घवाळी भाऊ

श्री. शांताराम घवाळी, म्हणजे आम्हा सर्वांचे भाऊ, मला पहिल्यांदा दिसले ते एका गोणीवर बसलेले. ग्रामीण रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात मी नुकतीच रुजू झाले होते. उत्साह दाखवावा म्हणून कपाटातल्या जुन्या फिल्म मी गोण्यांत भरल्या आणि भंगारवाल्याला बोलावलं. तो आला तेव्हा आमचे हे ज्येष्ठ तंत्रज्ञ एका गोणीवर बसून चहा पीत होते. वरिष्ठांनी जुन्या फिल्म काढून टाकायचा नियम सांगून पाहिला. भाऊ म्हणाले, "नियमानं फोटू जुना व्हतो, छाती नाय व्हत." भंगारवाला हात हलवत परत गेला.

गौरवग्रंथात 'विनम्र', 'मृदुभाषी' असं लिहायची पद्धत आहे. भाऊ तसे नाहीत. ते हट्टी आहेत, आणि त्यांच्या हट्टावर आमच्या भागातली कितीतरी घरं विसंबून आहेत.

आमच्याकडे वाळूची पूड करणारा कारखाना आहे. तिथे वर्षानुवर्षं पोती भरणाऱ्यांच्या छातीत ती बारीक धूळ बसते ती कायमची. दम लागतो, माणूस वाळत जातो. मग कुणी क्षय म्हणतो, कुणी विडीवर ढकलतो. कारखाना दरवर्षी तपासणी करी, पण ते फोटो त्यांच्याच कुलपात राहत. भाऊंनी रुग्णालयातल्या फिल्म ज्याच्या त्याच्या घरी नेऊन दिल्या. "तुजी छाती हाय, तुज्याच ट्रंकेत ऱ्हाऊदे," एवढंच सांगत.

रामचंद्र गोताड पोती भरण्याच्या कामावर होते. क्षयाच्या गोळ्यांचा कोर्स त्यांनी दोनदा पुरा केला, दम मात्र वाढतच गेला. गड्याने जन्मात विडी ओढलेली नाही, तरी कारखान्याच्या कागदावर आजाराचं कारण 'विडी' असंच होतं. मी नवा फोटो काढला. भाऊंनी जुना मागितला, तर रामचंद्रांच्या पत्नी खाली बघू लागल्या. "न्हाणीच्या खिडकीला लावलाय. पावसाचं पाणी आत येत व्हतं."

भाऊ रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली काच मांडीवर घेऊन एसटीने गेले, घाटीची पायवाट चढले, फिल्म सोडवली आणि तिथे स्वतःच्या हाताने काच बसवून दिली. फिल्मवर साबणाचे ओघळ होते. पण नाव वाचता येत होतं, आणि त्या वेळची छाती स्वच्छ होती. नव्या फोटोत रवा सांडावा तसे ठिपकेच ठिपके.

कागदावरची 'विडी' खोडावी म्हणून रामचंद्रांनी सरकारी कामगार कार्यालयात अर्ज केला. त्याच्या सुनावणीच्या वेळी भाऊ निवृत्त झालेले होते. कारखान्याचे वकील म्हणाले, "तुम्ही डॉक्टर नाही, मत देऊ नका." भाऊ म्हणाले, "मत नाय देत. उजेडात धरतो फकस्त." दोन्ही फिल्म त्यांनी खिडकीला लावून धरल्या. अधिकारी खुर्चीतून उठून जवळ आले आणि बराच वेळ तिथून हलले नाहीत. नंतर तज्ज्ञांची तपासणी झाली, 'विडी' खोडलं गेलं आणि रामचंद्रांच्या आजाराचं कारण म्हणून कारखान्यातल्या धुळीचं नाव लागलं. त्यांचा गेलेला श्वास त्याने परत आला नाही. पण खोटं लेबल लावून घेऊन मरायचं नाही, एवढं त्या माणसाचं मागणं होतं, आणि ते भाऊंनी मिळवून दिलं.

त्यानंतर आणखी कामगार आपापली फिल्म घेऊन पुढे आले. कारखान्याला हे आवडलेलं नाही. न आवडो.

भाऊंच्या पंच्याहत्तरीनिमित्त दोन शब्द मागायला मी रामचंद्रांकडे गेले होते. भिंतीला टेकून ते म्हणाले, "भाऊ, तुमी शंभर वर्सं जगा. आमची वर्सं त्यांनी खाल्लानी. तुमची खाऊ नका देऊ." एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. याहून मोठी शुभेच्छा माझ्याकडे नाही. भाऊ, ठणठणीत राहा. त्या कारखानेवाल्यांना अजून पुष्कळ त्रास द्यायचा आहे.