संगमावरची हाक

“ये की गं! तुझी शेळी विकत न्हाई, नातीला शिकवतो, ये!” प्रवरासंगमाच्या घाटावर एक म्हातारा बायकोच्या दहाव्याच्या पिंडाकडे कावळ्यांना बोलावत होता. त्या हाकेनं गोदावरीतले मासे काठावर येऊन बसले असते, तरी मला नवल वाटलं नसतं. आम्ही संगम बघायला आलेलो, म्हाताऱ्यालाच बघत राहिलो. समोरच्या झाडावर नेवासा तालुक्यातले, आजारी वगळता, सगळे कावळे जमले होते. एकही हलेना.

“भंडारदऱ्याचा धबधबा बघायचा ऱ्हायला तिचा,” त्याचा मेव्हणा म्हणाला. “दाखवतो म्हणा, दाजी.”

म्हातारा हात जोडून पुटपुटला, “आता कुणाला दाखवू?”

दुपारी तो चहाच्या टपरीवर भेटला. “शिवला का कावळा, बाबा?” मी विचारलं.

“न्हाई. भटजींनी दर्भाचा करून शिवला.”