चांगदेवकाकांचा बाण

माझ्या मशीनवर कुणी वरचा बाण दाबला की ऑफिसातली नवी पोरं बुचकळ्यात पडतात. "मॅडम, तुमचा कीबोर्ड बिघडलाय." बिघडलेला नाही. तो चांगदेवकाकांच्या हाताला बसवलेला आहे आणि तसाच राहणार. ज्याला जमत नसेल त्याने आपलं मशीन वापरावं.

चांगदेव भोईर टेमघरचे. वीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे पाना घेऊन लूम दुरुस्त करणारा, कारागिराच्या हाताला लावून देणारा माणूस. एकदा पट्ट्यात डावा हात गेला आणि अंगठा नि त्याच्या शेजारचं बोट एवढंच उरलं. मग ते दापोड्याला आमच्या कापडाच्या गोडाऊनमध्ये गेटवर लागले. गेटवरून कॉम्प्युटरवर कधी सरकले, ते कुणाला कळलंही नाही. २००५ साल होतं. मी बावीस वर्षांची, पडघ्याहून एसटीने यायची, आणि टायपिंगचं सर्टिफिकेट असल्यामुळे स्वतःला फार शहाणी समजायची.

तेव्हा आमच्याकडे लिनक्स होतं. माऊस नाही, चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. ट्रक आला की पार्टीचं नाव, गाडी नंबर, तागे किती, सगळं एका लांबलचक ओळीत टाइप करून एंटर मारायचं. मध्ये काही चुकलं तर कंट्रोल दाबून हे, कंट्रोल दाबून ते. काकांच्या डाव्या हाताला ते कंट्रोल काही झेपेना. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. काकांनी मशीन बसवायला आलेल्या किशन इंजिनियरला चहा पाजला आणि विचारून घेतलं, बटणांची कामं बदलता येतात का? येतात म्हणाला. एक छोटी फाइल असते, तीत लिहायचं की हे बटण दाबलं की हे कर.

झालं. काकांनी एफ-नऊपासून एफ-बारापर्यंतची बटणं उजव्या हाताच्या दिमतीला लावली. एकाने शब्द पुसायचा, एकाने ओळीच्या सुरुवातीला जायचं, असं. आणि वरचा बाण असा केला की ओळीची सुरुवात टाइप करून तो दाबला, की तशीच सुरुवात असलेली जुनी ओळ हजर. रोजच्या पार्टीची कालची ओळ काढायची, नंबर आणि तागे बदलायचे, एंटर.

"लूम कारागिराच्या हाताला लावतान, पोरी," ते म्हणायचे. "कारागिराला कोन लूमला लावत न्हाय."

हे ऐकायला गोड होतं. पण गोडाऊनला लॉगिन एकच होता. सकाळी काका, दुपारी मी. माझी सवय अशी की काही भलतं टाइप झालं की सरळ वरचा बाण दाबायचा, मागची ओळ येते. काकांनी बाण बदलला आणि तशा भलत्या सुरुवातीची जुनी ओळच नसल्यामुळे मशीन नुसतं टुंग करायला लागलं. आठवडाभर मी ते टुंग ऐकलं. मग एका दुपारी माझं डोकं फिरलं आणि मी ती फाइलच उडवली. काकांना सांगितलं नाही. म्हटलं, कळू दे जरा.

आणि नेमके दुसऱ्याच दिवशी सकाळी हेड ऑफिसचे प्रितेश सर उगवले. आम्हा दोघांची परीक्षा, तासाभरात दहा ट्रकच्या नोंदी. झाल्या तर खुर्ची, नाही तर गेट. गेटची ड्युटी म्हणजे दिवसभर उन्हात उभं राहून शटर ओढायचं, आणि काकांना ते दीड हाताने ओढावं लागणार होतं.

माझ्या नोंदी पंचेचाळीस मिनिटांत झाल्या. मग काका बसले. त्यांनी एफ-नऊ दाबलं, पडद्यावर भलतंच चिन्ह उमटलं. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून गाड्यांच्या पावत्या चाळत राहिले. काकांनी कोरी फाइल उघडली आणि आठवून आठवून, एकेक अक्षर शोधत, ती पुन्हा लिहायला घेतली. घड्याळ चालूच होतं. पंधरा मिनिटं त्यातच गेली. फाइल लागू व्हावी म्हणून पुन्हा लॉगिन केलं आणि मग त्यांचा हात जो सुटला तो सुटला. तास संपला तेव्हा नऊ ट्रक झाले होते.

"नऊ," प्रितेश सर म्हणाले आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. माणूस वाईट नव्हता, आकड्यापुढे बघायची सवय नव्हती.

काका उठले. मी तोंड लपवायला मशीनपुढे जाऊन बसले. उगाच काहीतरी टाइप केलं, वरचा बाण दाबला. टुंग झालं नाही. मागची ओळ आली, माझ्या सवयीची. म्हणजे बाण त्यांनी घातलाच नव्हता. ज्याच्यावर त्यांचा खरा वेग, नेमकं तेच गाळलं होतं.

"काका, बाण का नाही टाकलात?"

"तुला तरास व्हतो ना." ते पायाने चपला शोधत होते. "एका लूमवर दोन शिफ्टचे दोन कारागीर असले तं पाना लावाच्या आधी दोघांना इचाराचा असतो. मी तुला इचारला न्हाय. वीस वरसं जॉबर व्हतो, मला कलाला पायजे व्हता."

मला इतकी लाज वाटली की रडू फुटलं. तशीच उठून प्रितेश सरांपुढे उभी राहिले. "सर, ह्यांची फाइल मी उडवली. रागाच्या भरात. खुर्चीवरून काढायचं तर मला काढा."

सरांनी आधी मला बघितलं, मग काकांचा डावा हात बघितला, बहुतेक पहिल्यांदाच. लिहिलेलं खोडलं. "उद्या परत," म्हणाले.

त्या दुपारी बाणाच्या दोन ओळी मी टाइप केल्या, काका सांगत होते. एंटर मारायच्या आधी त्यांनी मला थांबवलं. "चालंल ना तुला?" मी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी दहा ट्रक अडतीस मिनिटांत. माझ्याहून सात मिनिटं कमी, आणि ही सात मिनिटं त्यांनी मला रिटायर होईपर्यंत ऐकवली. आता ते ऐकवायला नाहीत. फार आठवण येते.

गेल्या आठवड्यात ऑफिसने मला आणि नव्या ऋतिकाला मिळून एका नव्या मशीनवर एकच लॉगिन दिला. सवयीने मी त्या दोन ओळी टाइप करायला घेतल्या आणि एंटरवर बोट थांबलं. खुर्ची वळवली.

"ऋतिका, मी वरचा बाण बदलतेय. चालेल ना तुला?"

"कसला बाण, मॅडम?"

मी शेजारची खुर्ची ओढून तिला दिली. म्हटलं, बस, चांगदेवकाकांपासून सांगते.