झोपेच्या गोळ्यांचा आलेख

ती केस आठवली की आजही मला आधी हसू फुटतं आणि मग डोळे पाणावतात. नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले; पण नातवंडं गोष्ट मागतात तेव्हा मी हीच सांगतो. नावं त्यांनाही सांगत नाही, इथेही सांगणार नाही.

मी तेव्हा अकोल्यात गुन्हे शाखेत होतो. शेतीची ती वाईट वर्षं. वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांची झोप उडाली होती आणि मेडिकलच्या दुकानांत झोपेच्या गोळ्यांची मागणी वाढली होती. एके दिवशी सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तेवढ्यात अमरावतीच्या एका सहकाऱ्याचा फोन आला. तिथे कोचिंग क्लासच्या मुलांची खाणावळ चालवणाऱ्या एक काकू थेट ठाण्यात येऊन धडकल्या होत्या. "साहेब, माह्ये पोट्टे ताटावर बसल्या बसल्या झोपून राह्यले. एकाचं तं नाक वरणात बुडालं! हे काई अभ्यासाचं जागरण नोहे," असं त्यांनी ठणकावलं होतं. एका मुलाला दवाखान्यात भरती करावं लागलं. वाचला बिचारा. त्याच्या खिशात गोळ्यांची अख्खी पट्टी आणि डॉक्टरांची चिठ्ठी निघाली. चिठ्ठी अकोल्याच्या, जठारपेठेतल्या एका डॉक्टरांची होती.

तपासात माझ्या जोडीला औषध खात्याच्या निरीक्षक मॅडम आल्या. अकोल्याच्याच, भिक्षुकाच्या घरातल्या, बोलायला तिखट. या गोळ्या विकताना दुकानदाराला डॉक्टरांचं नाव नोंदवावं लागतं. मॅडमनी शहरातल्या सगळ्या दुकानांची ही बिलं मागवली आणि संगणकात भरायला घेतली.

"चोर बसल्या जागी सापडायला लागले तर आम्ही काय भजी तळायची?" मी म्हणालो.

"तळा की. खायला मी आहे," मॅडम म्हणाल्या.

संगणकाने पहिलं उत्तर दिलं ते असं, की शहरात झोपेच्या गोळ्या सर्वांत जास्त लिहिणारे हेच डॉक्टर. झालं! वरून आदेश आला, उचला त्यांना.

उचलण्याआधी मी एकटाच दवाखान्यात गेलो. डॉक्टर मुस्लिम, वयस्कर, हातगुण असा की लोक लांबून यायचे. बाकांवर खेड्यातली माणसं दाटीवाटीने बसलेली. मी गोळ्यांचं विचारलं.

"लिहितो ना साहेब, झूठ कशाला बोलू? आठ-आठ दिवस ज्याचा डोळा लागला नाही, त्याले काय चूरन देऊ? पण दोन दिवसांच्याच लिहितो. अन् गोळ्या त्याच्या हाती नाही देत, बायकोच्या हाती देतो. घरात पट्टी पडून राहिली तं मले झोप लागत नाही."

मग त्यांचा आवाज उतरला. मुलीचा निकाह पुढच्या जुम्म्याला होता. मुलाकडचे अमरावतीचे. पोलीस चौकशीची कुणकुण तिथवर गेली होती आणि मुलाचे वडील फोन उचलत नव्हते. "माझं काय व्हायचं ते होवो. पोरीचं घर बसण्याआधीच मोडून राहिलं, साहेब."

मला माणूस खरा वाटला. खोटा माणूस आधी स्वतःच्या अब्रूचं सांगतो. यांनी आधी रुग्णांचं सांगितलं. पण वाटण्यावर कागद चालत नाहीत. मी वरिष्ठांकडून थोडी मुदत मागून घेतली आणि मॅडमसमोर जाऊन बसलो.

मॅडमनी डॉक्टरांच्या नावच्या चिठ्ठ्या दोन भागांत वाटल्या. दवाखान्याच्या खालीच एक मेडिकल होतं, खरे रुग्ण तिथूनच औषध घ्यायचे. तिथल्या चिठ्ठ्यांचा एक आलेख, शहरातल्या बाकी दुकानांतल्या चिठ्ठ्यांचा दुसरा. खालच्या दुकानात सगळ्या दोन दिवसांच्या गोळ्या. बाकी दुकानांत मात्र पट्ट्याच्या पट्ट्या, रोज, न चुकता. फक्त अधूनमधून रेघ एकदम तळाला जायची. एक दिवस शून्य विक्री, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर.

"हे खड्डे कसले? तुमचं यंत्र बिघडलं वाटतं," मी खवचटपणे म्हणालो.

मॅडमनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं, एकेका खड्ड्याची तारीख पाहत गेल्या आणि एकाएकी अशा हसत सुटल्या की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "अहो साहेब, अमावस्या! प्रत्येक खड्डा अमावस्येचा आहे! चोर अमावस्या पाळून राहिला! आमच्या बाबांकडे त्या दिवशी मुहूर्त विचारायला चिटपाखरू फिरकायचं नाही, हे अस्सं दिसायचं आमचं घर."

आणि खालच्या दुकानाच्या आलेखात एकही खड्डा नव्हता. डॉक्टरांकडे अमावस्येलाही रांग असायची. म्हणजे खोट्या चिठ्ठ्या फाडणारा वेगळाच होता. तो खालच्या दुकानात कधी गेला नव्हता, कारण तिथे त्याला ओळखत होते. डॉक्टरांचं पॅड हाताळणारे दोघेच. कंपाउंडर डॉक्टरांचा भाचा, त्याला अमावस्या कधी येते नि कधी जाते याचा पत्ता नसायचा. दुसरा होता पॅड छापून दवाखान्यात आणून देणारा छापखान्याचा मालक. त्याच्या दाराला लिंबू-मिरची, उंबऱ्याला नाल, कपाळभर टिळा. मी मनात म्हटलं, या बाप्पा!

दुसऱ्याच दिवशी अमावस्या होती. त्याला मुद्दाम त्याच दिवशी बोलावलं. गडी ठाण्याच्या दारातच अडला.

"साहेब, जबाब उद्या लिवा नं जी. आज अमावस्या हाये. आज मी काईच करत नसतो."

त्याला खुर्चीत बसवलं आणि आलेख पुढे सरकवला. "सगळं कळलंय आम्हाला. तू तर अमावस्येलासुद्धा चिठ्ठ्या विकतोस!"

तो ताडकन उठला. "साफ खोटं! कोन म्हंते? देवाची आन साहेब, अमावस्येले म्या एकबी चिठ्ठी इकली नाई!"

जबाब लिहिणाऱ्या हवालदाराने पेन खाली ठेवलं आणि तोंडाला रुमाल लावला. मी शक्य तितक्या गंभीरपणे विचारलं, "बरं. मग बाकीच्या दिवशी किती विकल्या?"

तो मटकन बसला. "अरे माय..." एवढंच म्हणाला. मग सगळं बाहेर आलं. जास्तीची पॅडं छापायची, डॉक्टरांची खोटी सही मारायची, दुकानं बदलून माल उचलायचा आणि परीक्षेला घाबरलेल्या पोरांना अमरावतीत 'टेन्शनची गोळी' म्हणून चिठ्ठीसकट विकायची.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. म्हणून लगेच पंच घेऊन छापखाना गाठला. लग्नपत्रिकांच्या थप्पीखाली डॉक्टरांची कोरी पॅडं सापडली, माळ्यावर गोळ्यांची खोकी. पंचनामा झाला. मॅडमनी त्या दिवसापासून दुकानांची बिलं दर आठवड्याला मागवायला सुरुवात केली. एखाद्या नावाची रेघ वर चढायला लागली की त्या दुकानदाराला त्यांचा फोन जायचा आणि माल तिथेच थांबायचा. अमरावतीच्या काकूंनी निरोप धाडला, पोट्टे आता पोया मांगून मांगून खाऊन राह्यले. मी संगणकाची थट्टा कायमची बंद केली.

पण हे सारं पुढचं. पंचनाम्यावर सह्या होताच मी जीप काढली आणि तडक अमरावती गाठली. मुलाचे वडील कापडाचे व्यापारी. गणवेश पाहून त्यांच्या हातातला कापड मोजायचा गज गळाला. मी बसलो, पाणी मागितलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी उठून टोपी घातली. "चला साहेब, तुमच्याच जीपमधी बसतो."

जठारपेठेत जीप थांबली तेव्हा गल्लीतली दारं पटापट उघडली. डॉक्टर बाहेर आले. चेहरा पांढराफटक. त्यांना अजून कुणी काही कळवलंच नव्हतं. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "चलतो, साहेब. फक्त पोर आत आहे, तिच्यासमोर हात लावू नका."

तेवढ्यात जीपच्या मागच्या दारातून व्यापारी उतरले, धावत गेले आणि डॉक्टरांना कवेत घेतलं. "समधीसाहेब, माफ करा मले! बारातीत किती माणसं आणू, तेवढं सांगा!" डॉक्टर लहान मुलासारखे रडले. खिडकीतून मुलीची किंकाळी आली, आनंदाची. अख्खी गल्ली हसत होती, आणि मीही डोळे पुसत होतो.

निकाहला मी गणवेशातच गेलो, मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असा पुढच्या रांगेत बसलो. तोवर मी समजत होतो की निर्दोष माणसाला सोडलं की पोलिसाचं काम संपलं. ते संपत नाही. संशय ज्या ज्या दारापर्यंत गेला, त्या प्रत्येक दारापर्यंत पोलिसाने स्वतः चालत जाऊन सांगायचं असतं, की हा माणूस स्वच्छ आहे.