मोटारी मोडणारी वत्सला

"तू काय काम करतेस?" असं कुणी विचारलं की वत्सला शांतपणे सांगायची, "मोटारी मोडते." तंजावूरच्या लग्नघरांत या उत्तरानं कितीतरी बायकांचा घास हातातच राहिलेला मी पाहिला आहे.

मी कॉलेजातल्या नोकरीसाठी तंजावूरला आले, ती तिच्या वडिलांच्या घरात भाडेकरू म्हणून. वत्सला चेन्नईला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होती. सुट्टीला घरी यायची. बंपरच्या आतली ॲल्युमिनियमची पट्टी हे तिचं काम; ती तपासायला नव्या गाड्या मुद्दाम भिंतीवर आदळायच्या. "टक्कर झाली की पट्टीनं चुरगळायचं, अक्का. धक्का माणसापर्यंत जाऊ द्यायचा नाही."

अप्पांना, म्हणजे तिच्या वडिलांना, ते पटत नसे. पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरला राहिलेल्या मराठी घरातले ते, आपल्या तंजावुरी मराठीत म्हणायचे, "तो तर इडलीपात्राचा धातू! मोटार कशी लोखंडाची, जड होणे. टीचर, हिज तुमच्या कॉलेजात घ्या. घरी तरी राहील." वत्सला हसून त्यांच्यापुढे कॉफी ठेवायची.

एकदा तिच्या गाडीतून आम्ही पापनाशमला लग्नाला निघालो. अप्पा पुढे, मी मागे. कालव्याच्या वळणावर भाताच्या पोत्यांचा ट्रॅक्टर एकदम आडवा आला. तिनं ब्रेक दाबला, तरी आदळलोच. मी डोळे उघडले तेव्हा गाडीच्या तोंडाचा चुराडा झाला होता, आणि अप्पा आपल्या पायांनी खाली उतरत होते.

"अय्यो, सारी मोटार गेली!" मग लेकीकडे वळून, "तुज लागलं का गं?"

वत्सला खाली उतरली. रस्त्याकडेच्या बांधावर बसली आणि हमसून रडू लागली. मला वाटलं, गाडीचं दुःख. जवळ गेले तर म्हणाली, "माणसांच्या जागी बाहुले बसवून गाड्या कितीदा मोडल्या, अक्का. अप्पांना बसवून कधी मोडली नव्हती."

बंपर फाटून आतली पट्टी उघडी पडली होती, पार घडी झालेली. अप्पांनी ती हातानं चाचपली.  मग खांद्यावरचं उपरणं बांधावर अंथरून लेकीशेजारी बसले.

"ते बाहुले केवढे असतात गं?"

तिनं नाक पुसलं. "तुमच्याएवढे. अम्माएवढे. लहान पोराएवढेही असतात."

तिच्या कामाबद्दल त्यांनी काही विचारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. कॉलेजातल्या नोकरीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

पुढे माझी बदली झाली. वत्सला आठवते ती त्या बांधावरची: रडून लाल झालेले डोळे, आणि लहान पोराचा बाहुला केवढा ते अप्पांना दाखवण्यासाठी जमिनीपासून हातभर उंच, हवेत धरलेला तळवा.