चार ओळींत दिग्गी

जगात चार ओळींत मावणार नाही असे काहीच नाही, यावर आमच्या धाकट्या काकांचा जेवढा विश्वास होता तेवढा देवावरही नसावा. बेळगावचे एक हौशी मंडळ तेव्हा थोर माणसे आणि प्रसिद्ध स्थळे यांचा लहानसा कोश छापणार होते. प्रत्येक नोंद चार ओळींची. आमच्या सुपे भागातल्या नोंदी पाठवायचे काम काकांनी आपण होऊन अंगावर घेतले आणि तेव्हापासून ते बोलूही नोंदींतच लागले. नवे जावई आले, तेव्हा भर पंगतीत काकांनी ओळख करून दिली, "जावई. मूळचे खानापूरचे. धंदा तांदळाचा. स्वभाव शांत, घोरणे मोठे." काकी कधी मीठ विसरली, तर म्हणत, "आमटी. रंग उत्तम. मिठाविषयी माहिती मिळत नाही." काकी पदर तोंडाला लावून हसायची आणि मीठ वाढायची.

काकी दिग्गीची. गाव रानात पार आत. लग्नात आमची आत्या बोलून गेली होती, "नवरीचं गाव कुणी ऐकलंय तरी का?" तेव्हा काकीचे डोळे भरलेले काकांनी पाहिले होते. दिग्गीला कोशात बसवायचेच, हा ध्यास त्यांनी त्यापायी घेतला. कधी तिकडे न फिरकता, काकीलाच विचारून विचारून त्यांनी नोंद लिहिली: झऱ्याचे पाणी गोड, फणस रसाळ, माणसे मायाळू. मंडळाने ती परत धाडली; गाव कशासाठी प्रसिद्ध आहे ते कळवावे. काकांनी पुन्हा लिहिली, ती पुन्हा परत आली. या उद्योगात वर्षे गेली. सुगी संपली की काकी म्हणायची, "आवं, एकदा म्हायेरला जाऊन येऊ या की. आई थकलीया." काका म्हणत, "थांब गं, आधी नोंद छापून येऊ दे. मग मानानं जाऊ."

शेवटी कोश आला. दिग्गी त्यात नव्हते. आमच्याकडची जत्रेची उळवी मात्र होती, काकांनीच लिहिलेली. तीन ओळी देवळाच्या, आणि चौथीत जत्रेच्या रथाला सरळ फाटा देऊन काकांनी घुसवले होते, "येथून एक पायवाट दिग्गीस जाते." ते त्यांनी एवढ्या मोठ्याने वाचले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

काकी चुलीपुढून उठून आली. "वाट जाते म्हणतासा न्हवं?"

"व्हय, छापलंय की!"

"मग मला घिऊन चला की त्या वाटेनं. आई हाय तवर."

काकांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी कोश मिटून फळीवर ठेवला. दुसऱ्याच दिवशी दोघे निघाले. उळवीपर्यंत मी सोबत होतो. काकी पुढे झपाझप चालली होती आणि एरवी दर दगडाशी थांबून माहिती देणारे काका डोक्यावर गाठोडे घेऊन मुकाट्याने तिच्या मागे जात होते.

दोघे परत आल्यावर मी मुद्दाम चिडवले, "मग काका, दिग्गी कशासाठी प्रसिद्ध?"

काकांनी पायातल्या वहाणा काढून ठेवल्या. मग म्हणाले, "तिची आई दारात उभी होती रे. दरवर्षी सुगी झाली की उभी राहायची म्हणे, लेक येईल म्हणून."

त्यानंतर त्यांनी एकही नोंद पाठवली नाही. म्हातारी होती तोवर दर सुगीनंतर दोघे दिग्गीला जात. आज त्या दोघांपैकी कोणीच नाही. उळवीला गेलो की मी त्या पायवाटेच्या तोंडाशी थोडा थांबतो. काकांची फार आठवण येते.